रेषेच्या वरचे

घराच्या दुरुस्तीचे काम चालू असताना एका सकाळी बैठकीच्या खोलीत भिंतींवर सूत मारले गेले. पारदर्शक नळीत पाणी भरून चारही कोपऱ्यांत आधी पातळी जुळवून घेतली होती आणि प्रत्येक कोपऱ्यात पेन्सिलीची खूण केली होती. मग निळ्या भुकटीत घोळलेला दोरा दोघा कारागिरांनी दोन खुणांवर अंगठ्याने दाबून धरला, तिसऱ्याने तो मधोमध चिमटीत पकडून मागे ओढला आणि सोडून दिला. बारीकसा फटकारा ऐकू आला, भुकटी विरळशी उडाली आणि भिंतीवर सरळ, निळी, कडांना किंचित फुटलेली रेषा उमटली. चारही भिंती झाल्यावर त्यांच्यातले वयाने मोठे कारागीर घोडीवरून खाली उतरले, हात झटकत माझ्याजवळ आले आणि मला धीर द्यावा तशा स्वरात म्हणाले, "ताई, या रेषेच्या वरचं आता विसरून जा."

ते वाक्य मनातून जाईना.

रेषा साडेआठ फुटांवर होती आणि स्लॅब साडेनऊ फुटांवर. मधल्या एका फुटात काय काय होते ते मी तोवर कधी नीट पाहिलेच नव्हते. खोलीच्या मध्यातून जाणारा एक बीम होता, स्लॅब ओतताना लावलेल्या फळ्यांचे ठसे पुसटसे दिसत होते, पंख्याचा हूक होता, विजेच्या तारांच्या नळ्या होत्या आणि खिडकीकडच्या कोपऱ्यात जुन्या ओलीचा पिवळसर, कडेला तपकिरी झालेला डाग होता. हे सगळे झाकायचे, खाली बोर्डांचे गुळगुळीत पांढरे छत पडद्यासारखे आडवे टांगायचे आणि वरचे विसरून जायचे, असा तो बेत होता. बेत माझाच होता, मीच नकाशावर सही केली होती. तरीही "विसरून जा" हे शब्द कानांवर पडल्यावर मला एकदम वाटले, की छत निवडणे म्हणजे काय विसरायला आपण तयार आहोत हे ठरवणे आहे आणि त्याचा विचार मी केलेलाच नाही. मी त्यांना म्हटले, "काका, ही खोली सध्या राहू द्या. मागच्या खोल्यांचं बघा." ते म्हणाले, "राहू द्या की. फक्त बोर्ड भिंतीला टेकवून उभे ठेवू नका, आडवे ठेवा. वाकतात."

फरशी निवडताना आपण वाकून तिच्यावर हात फिरवतो, ओल्या पायाने चालून पाहतो, डाग पडेल का ते विचारतो. दार ठोकून बघतो, नळ उघडून बघतो. छताच्या बाबतीत हाताला लागेल असे काहीच नसते, म्हणून ते बहुधा छायाचित्रांवरून ठरते. ती छायाचित्रे खोलीच्या एका कोपऱ्यातून, कमरेच्या उंचीवरून, सगळे दिवे एकदम लावून घेतलेली असतात, आणि त्या कोपऱ्यात उभे राहून कोणी आयुष्य काढत नाही. उभ्या, चालत्या, कामात असलेल्या माणसाच्या नजरेत छत क्वचितच येते. ते मन लावून बघतो तो पडून राहिलेला माणूस: तान्हे मूल, आजारी माणूस, रात्री डोळ्याला डोळा न लागणारा माणूस, आणि म्हातारपणी दुपार सरता सरत नाही म्हणून आढ्याकडे नजर लावून पडलेला माणूस. त्यामुळे काम थांबवल्यावर मी प्रत्येक खोलीत चटई टाकून उताणी पडले. सकाळी पडले, भर दुपारी पडले आणि रात्री दिवे मालवूनही पडले.

उभ्याने न कळलेल्या कितीतरी गोष्टी तेव्हा कळल्या. शयनगृहाच्या नकाशात छतात बसवायचे छोटे दिवे चौकोनात मांडले होते. कागदावर ती मांडणी सुबक दिसत होती, पण पडल्यावर लक्षात आले की त्यांतले दोन थेट उशीवरच्या डोळ्यांत येणार आहेत. सकाळी खिडकीतून तिरपा उजेड आत आला की जुन्या गिलाव्यातला प्रत्येक उंचवटा सावली टाकू लागे आणि दुपारी तेच छत अगदी सपाट वाटे. छताला चकचकीत रंग का देत नाहीत, बोर्डांचे लांब सांधे खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या दिशेलाच समांतर का ठेवावेत, हे कारागीर सांगत होते तेव्हा मी मान डोलावली होती. त्यामागचे कारण मात्र चटईवर पडल्यावरच दिसले. सांधा उजेडाला आडवा गेला, तर कितीही पट्टी लावून घासला तरी सकाळच्या उन्हात त्याची रेघ दिसतेच.

पडल्या पडल्या आजोळचे घर आठवले. तिथे माडीखाली तक्तपोशी होती. काळ्या पडलेल्या तुळया, त्यांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांच्या वर चालणारी माणसे. माडीवर कोणी हिंडले की फटींतून बारीक माती झरायची आणि उन्हाच्या तिरिपीत ती खाली उतरताना दिसायची. पावलांवरून माणूस ओळखू यायचा. आजोबांचा एक पाय जड पडे, मामी टाचांवर चाले, आणि मामा घरी उशिरा आले की पहिल्या दोन फळ्या टाळून पाय टाकत, कारण त्या कुरकुरत. एकदा तापात पडले असताना मी त्या फळ्यांमधल्या गाठी बघत दिवस काढले होते. एका गाठीभोवती लाकडाच्या रेषा अशा वळलेल्या होत्या की त्यात मला एक म्हातारा डोळा दिसायचा; ताप चढला की तो मिटायचा आणि उतरला की उघडायचा. त्या छताविषयी मी आईजवळ हळवे होऊन बोलले की ती मान हलवते. तिच्या आठवणीत पिण्याच्या पाण्यात पडणारी माती आहे, रात्री वरून ऐकू येणारा खोकला आहे आणि ज्या घरात नवराबायकोला हळू आवाजातही भांडता येत नव्हते ते घर आहे. तिने आमच्या घराला स्लॅब पडला तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकला होता. दोघींच्या आठवणी एकाच छताच्या आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. जे छत सगळे सांगते त्याच्याखाली राहणेही सोपे नसते.

वर बघणे ही बहुधा लहान मुलांचीच सवय असावी. १८७९ साली स्पेनच्या उत्तर भागातील आल्तामिरा गुहेत मार्सेलिनो सान्स दे साउतुओला जमीन उकरून आदिमानवाची हत्यारे शोधत होते. त्यांची सगळी दृष्टी पायाखाली होती. सोबत आलेल्या त्यांच्या लहानग्या मुलीने, मारियाने, मान वर केली आणि छतावरचे गवे तिला दिसले. तांबड्या-काळ्या रंगांतले ते गवे रंगवणाऱ्यांनी कातळाला आलेले फुगवटेच जनावरांच्या अंगांसाठी वापरले आहेत; छत सपाट करून घ्यावे असे त्यांना वाटले नाही. ती चित्रे इतकी प्राचीन असतील यावर विद्वानांचा विश्वास बसायला १९०२ साल उजाडले आणि तोपर्यंत साउतुओला वारले होते. माझ्या बैठकीच्या खोलीतल्या ओबडधोबड स्लॅबची या गुहेशी काहीच बरोबरी नाही, पण वरच्या पृष्ठभागाला स्वतःचे काही रूप असू शकते आणि ते आधी बघून घ्यावे, इतके त्या मुलीकडून शिकण्यासारखे आहे.

म्हणजे छत झाकूच नये असे म्हणावे काय? काही दिवस माझे मन त्या बाजूला झुकले होते. मग कार्ल्याचे चैत्यगृह आठवले. डोंगराच्या पोटात कोरलेल्या त्या कमानदार छताला आतून लाकडाच्या कमानी बसवलेल्या आहेत, त्याही सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. कातळाला त्यांचा आधार लागत नाही. तो आपला आपण उभा आहे. त्याआधीची चैत्यगृहे लाकडाची बांधली जात, ते रूप कारागिरांच्या आणि उपासकांच्या डोळ्यांत बसलेले होते, म्हणून दगडातही त्यांना ते लाकूड हवे होते. भार पेलणारे छत आणि डोळ्यांना दिसणारे छत या दोन गोष्टी फार जुन्या काळापासून वेगळ्या आहेत, आणि दुसरे पहिल्यापेक्षा कमी खरे असे म्हणता येत नाही. फरक इतकाच, की कार्ल्याला दोन लाकडी कमानींच्या मधून कातळ दिसतो. तिथे काहीच विसरायला लावलेले नाही.

ज्या बोर्डांना काका वाकू देत नव्हते त्या जिप्समविषयी मला या काळात आदर वाटू लागला. आडव्या रचलेल्या थप्पीतला एक बोर्ड कोपऱ्यात फुटला होता. साडेबारा मिलिमीटर जाडी, दोन्ही बाजूंना जाड कागद आणि मध्ये पांढरा, कोरडा, बोटाने घासला तर पूड होणारा गर. या खनिजाच्या वजनाचा सुमारे २१ टक्के भाग पाणी असते, आणि ते स्फटिकांत बांधलेले असते. ते सुमारे १५० अंश सेल्सियसला भाजले की त्यातले पाऊण पाणी निघून जाते व पांढरी पूड उरते. तिच्यात पुन्हा पाणी घातले की ती ते परत घेऊन दगड होते. पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीतल्या खाणींमुळे तिला प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणू लागले. १८९४ साली अमेरिकेत ऑगस्टिन सॅकेट यांनी कागद आणि प्लास्टर यांचे थर एकावर एक देऊन केलेल्या तक्त्याचे पेटंट घेतले आणि छतावर ओला गिलावा न लावता कोरडा तक्ता ठोकता येईल, ही वाट मोकळी झाली. आग लागली तर याच तक्त्यातले बांधलेले पाणी वाफ होऊन निघू लागते, आणि ते संपेपर्यंत तक्त्याच्या मागची बाजू फारशी तापत नाही. ज्या वस्तूला आपण केवळ सजावट समजतो ती वेळ पडल्यास बाहेर पडायला काही मिनिटे मिळवून देते, हे कळल्यावर तिला नुसता देखावा म्हणणे माझ्याकडून झाले नाही.

पीओपी, म्हणजे हाताने चढवायचे प्लास्टर ऑफ पॅरिस, की जिप्सम बोर्ड हा प्रश्न त्यामानाने लवकर सुटला. जाळीवर हाताने चढवलेल्या पीओपीला सांधे नसतात, गोलाई आणि नक्षी त्यातच चांगली उतरते, पण सगळी भिस्त गवंड्याच्या हातावर असते आणि ते पुरते वाळायला वेळ द्यावा लागतो. बोर्ड कोरडा येतो, लवकर बसतो, पुढे कापून पुन्हा बुजवता येतो. मला गोलाई नको होती, त्यामुळे बोर्ड. सतत ओल मिळाली तर दोन्ही खचतात, म्हणून न्हाणीघरात साधा बोर्ड वापरायचाच नाही. तिथे पीव्हीसीच्या पट्ट्या घेतल्या. त्या पाण्याला भीत नाहीत, मात्र जळताना घातक धूर सोडतात, म्हणून स्वयंपाकघरात घेतल्या नाहीत. ताणून बसवायच्या पातळ पडद्याचे छतही एका ओळखीच्यांकडे पाहिले. वरून पाणी गळाले तर ते फुग्यासारखे खाली येते आणि पाणी धरून ठेवते. सामान वाचते हे खरे, पण डोक्यावर लोंबणाऱ्या त्या पाण्याची कल्पना मला सहन होईना. लाकूड आवडले. हवेतल्या दमटपणाबरोबर ते फुगते आणि आक्रसते, त्यासाठी भिंतीलगत मोकळी फट सोडावी लागते. वडिलांच्या खोलीच्या दाराशी, जिथे छत आधीच खाली आहे, तेवढ्यापुरते ते घेतले.

झाकण्याचे खरे संकट दिसण्यात नसते, ते लटकण्यात असते. साडेबारा मिलिमीटर जाडीच्या बोर्डाचे वजन दर चौरस मीटरला साधारण आठ ते दहा किलो भरते. चौकट, दिवे आणि तारा धरल्या तर मध्यम आकाराच्या खोलीत सहज दोनशे किलोंच्या आसपास वजन माणसांच्या डोक्यावर टांगलेले असते. १९ डिसेंबर २०१३ रोजी लंडनच्या अपोलो नाट्यगृहात प्रयोग चालू असताना प्लास्टरच्या छताचा भाग प्रेक्षकांवर कोसळला आणि सत्तरहून अधिक माणसे जखमी झाली. ते छत १९०१ सालचे होते. ज्या गोणपाट आणि प्लास्टरच्या बांधण्यांनी ते वरच्या लाकडांना धरून ठेवले होते त्या काळाच्या ओघात कुजल्या होत्या, आणि त्या छताच्या वर असल्यामुळे खाली बसलेल्या कोणालाही त्या दिसत नव्हत्या. खालचा देखणा, रंगवलेला पृष्ठभाग शेवटच्या क्षणापर्यंत देखणाच होता.

हे वाचल्यापासून मी काकांच्या मागे लागले. टांगणीची प्रत्येक पट्टी स्लॅबमध्ये लोखंडी फासनरनेच बसली पाहिजे, लाकडी खुंट्या नकोत. पंखा छताच्या चौकटीला नव्हे, स्लॅबमधल्या हुकालाच हवा, कारण हलणारे वजन स्थिर वजनापेक्षा वेगळ्या रीतीने ओढते. आणि त्याची पाती जमिनीपासून सात फुटांच्या खाली येता कामा नयेत व छताला अगदी चिकटूनही नकोत, नाहीतर त्याला वरून हवाच ओढता येत नाही. ज्या ज्या ठिकाणी वर नळ, झडप किंवा तारांचा डबा आहे त्याच्या खाली माणसाचा हात आणि मान जाईल एवढे झाकण हवे. बोर्ड चढवण्याआधी प्रत्येक खोलीच्या वरच्या भागाची मी छायाचित्रे काढली, दर वेळी भिंतीला मोजपट्टी लावून, म्हणजे कुठली तार भिंतीपासून किती अंतरावर आहे ते पुढे शोधावे लागणार नाही. काका आधी हसले. मग स्वतःच पट्टी धरून उभे राहू लागले आणि "इथला सांधा पण घ्या, ताई" असे सांगू लागले. जुने खडबडीत लेपाचे छत खरवडून काढायची वेळ आमच्यावर आली नाही; तशी आलीच असती तर आधी तपासून घ्यावे लागले असते, कारण पूर्वीच्या अशा लेपांमध्ये पुष्कळदा ॲस्बेस्टॉस घातलेले असे आणि ते कोरडे खरवडले की त्याचे तंतू फुप्फुसांत जातात.

ओलीचा डाग मात्र मी कोणालाही झाकू दिला नाही. डाग झाकला की तो बरा झाला असे वाटते. वरच्या घरातल्या न्हाणीघराचा सांधा उघडून नीट करून घेतला, पेन्सिलीने डागाच्या कडेभोवती रेघ ओढली आणि पाऊस येऊन जाईपर्यंत थांबायचे ठरवले.

याच सुमारास उघड्या स्लॅबकडे माझे मन पुन्हा ओढ घेऊ लागले. केरळमध्ये वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी रुळवलेले फिलर स्लॅब मला फार आवडतात. स्लॅबच्या खालच्या भागातले काँक्रीट ताण पेलत नाही, तो लोखंड पेलते. मग तिथे महागडे काँक्रीट भरण्यापेक्षा कौले ठेवावीत, हा त्यामागचा विचार. काँक्रीट वाचते, स्लॅब हलका होतो आणि खालून कौलांची तांबडी ओळ दिसत राहते. तिथे छत वेगळे निवडावेच लागत नाही; बांधणीतच ते झालेले असते. नवे घर बांधणाऱ्याने हा प्रश्न स्लॅब ओतण्याआधी विचारला पाहिजे. आमचा स्लॅब कित्येक वर्षांपूर्वी, खालून कोणी बघणार नाही असे धरून ओतलेला. तो उघडा ठेवायचा तर तारांच्या नळ्या नीट रांगेत आणाव्या लागतील, भोके बुजवावी लागतील, बीमच्या कडा सरळ कराव्या लागतील. साधे दिसणारे छत कमी कामात होत नाही, हे काकांनी मला सांगितले आणि ते खरे निघाले.

मागच्या शयनगृहावर मोकळी गच्ची आहे. तिथे दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी खोलीत उष्णता सोडू लागतो आणि ऐन झोपेच्या वेळी अंथरुणावर पडल्यावर तोंडावर आच जाणवते. खाली छत टांगले तर मधल्या हवेच्या थरामुळे आणि बोर्डामुळे ती आच थेट अंगावर येत नाही, पण स्लॅब तापायचा तो तापतोच. उन्हाला वरच अडवणे अधिक चांगले, म्हणून गच्चीवर उष्णतारोधक थर आणि त्यावर पांढरा परावर्तक लेप दिला, आणि खोलीतही बोर्डाचे साधे, कोणत्याही पायऱ्या नसलेले छत घेतले. वरच्या मजल्यावरच्या आवाजाचे गणित निराळे निघाले. डोक्यावर ओढल्या जाणाऱ्या खुर्चीचा आवाज स्लॅबमधून आणि भिंतींमधूनही उतरतो. घट्ट बसवलेल्या बोर्डाने तो फारसा अडत नाही, लवचिक टांगण्या आणि वर खनिज लोकर, म्हणजे दगडाच्या तंतूंचा मऊ थर, असेल तर काहीसा अडतो. आम्ही वरच्या वहिनींना विचारून त्यांच्या खुर्च्यांच्या पायांना रबरी बुचे लावून दिली.

उंचीविषयी मला आधी वाटत होते की तो केवळ ऐसपैसपणाचा प्रश्न आहे. वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी हात वर केलेल्या माणसाची उंची २.२६ मीटर धरली आणि तेवढ्या उंचीच्या खोल्याही बांधल्या. त्याखाली गुदमरणारे लोक आहेत आणि त्यातच सुरक्षित वाटणारेही आहेत. २००७ साली जोन मेयर्स-लेव्ही आणि रुई झू यांनी आठ फूट आणि दहा फूट उंचीच्या छतांखाली लोकांना बसवून प्रयोग केले. उंच छताखाली माणसे मोकळेपणाच्या कल्पनांकडे आणि गोष्टींमधल्या संबंधांकडे वळतात, कमी उंचीच्या छताखाली एकेका तपशिलाकडे, असे त्यांना आढळले. मी त्यावरून घर आखले नाही, पण माझे टेबल मांडायचे ठिकाण ठरवताना तो अभ्यास मनात होता. हिशेब ठेवण्याची, बारीकसारीक दुरुस्त्या करण्याची कामे मी मागच्या, खाली उतरलेल्या छताच्या खोलीत करते. बैठकीच्या खोलीतला तो एक फूट मात्र मला सोडवत नव्हता. चटईवर पडून बीमकडे बघताना खोली श्वास घेते आहे असे वाटायचे, आणि हे वाटणे मला कोणाला पटवून देता येत नव्हते.

अडचण वडिलांची होती. त्यांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येते. सामान हलवलेल्या त्या उघड्या खोलीत ते आले की दोन वाक्यांनंतर गप्प बसत. कानातले यंत्र आवाज मोठा करते, पण छतावरून आणि भिंतींवरून परत येणारा आवाजही तेवढाच मोठा करते. आधीचा स्वर विरत नाही तोवर पुढचे व्यंजन येते आणि त्याच्यात बुडते. मी टाळी वाजवून बघितली तेव्हा तिच्यामागे एक कठीण, धातूसारखा नाद क्षणभर राहत होता. १८९५ साली हार्वर्डच्या फॉग कलासंग्रहालयातल्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कळत नाही म्हणून वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाला कारण शोधायला सांगितले गेले. तिथे आवाज सुमारे साडेपाच सेकंद घुमत राहत असे. सॅबाइन यांनी रात्री-अपरात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या बैठकीच्या गाद्या आणून त्या सभागृहात पसरल्या, एकेक गादी वाढवत घुमणे किती कमी होते ते मोजले आणि त्यातून पुढे त्यांचे सूत्र निघाले. खोली जेवढी मोठी तेवढा आवाज अधिक टिकतो, आवाज शोषणारा पृष्ठभाग जेवढा जास्त तेवढा तो लवकर विरतो. माझा तो एक फूट म्हणजे वाढीव जागा, आणि उघडा स्लॅब म्हणजे जवळजवळ काहीच न शोषणारा पृष्ठभाग. ज्याला मी खोलीचा श्वास म्हणत होते तो वडिलांसाठी गोंगाट होता.

पण त्याच सूत्राने एक वाटही दाखवली. संपूर्ण छत खाली आणायची गरज नव्हती. माणसे जिथे बसून बोलतात तेवढ्या भागावर खनिज लोकरीचे, कापडाने मढवलेले सपाट पट स्लॅबपासून थोडे खाली, मोकळे टांगले तर ते खालून आणि वरून दोन्ही बाजूंनी आवाज शोषतात. बीम उघडा राहतो, पेन्सिलीची रेघ दिसत राहते, तारांच्या नळ्यांपर्यंत हात पोहोचतो. काकांना हे आधी अर्धवट वाटले. "बसवायचं तर पूर्ण बसवा, नाहीतर लोक म्हणतील काम सोडून गेले," असे ते म्हणाले, आणि त्यांच्या हातून उभ्या राहिलेल्या कामाविषयी त्यांना वाटणारी काळजी मला समजत होती. मी त्यांना सगळा हिशेब मांडून दाखवला. त्यांनी घोडीवर चढून बीमपासून भिंतीपर्यंतची मापे पुन्हा घेतली आणि पट बीमच्या कडेला समांतर ठेवले तर ते मुद्दाम केल्यासारखे दिसतील, असे सुचवले. ती सूचना मला सुचली नव्हती.

टांगण्याआधी आम्ही ते पट खोलीतच, खुर्च्यांच्या पाठींना टेकवून मांडून पाहिले. वडील त्यांच्या नेहमीच्या जागी बसले. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून त्यांना वर्तमानपत्रातली एक बातमी वाचून दाखवली, पाठ करून आणि मग तोंड त्यांच्याकडे करून. पाठ केली असताना शेवटची वाक्ये त्यांना कळली नाहीत. आईने आतून आणखी एक पट आणून त्यांच्या मागे ठेवला, तेव्हा त्यांनी बातमीतली रक्कम बरोबर सांगितली आणि ती ऐकून मंत्र्यांवर रागावलेही. काकांनी विचारले, "किती ठेवू मग?" वडिलांनी छताकडे पाहिले, हाताने हवेत अंदाज घेतला आणि म्हणाले, "चार आणलेत ना? सहा लावा. बीमच्या अलीकडे चार, पलीकडे दोन. आणि ही बाजू मोकळी ठेवा, मला तो डाग बघायचा असतो."